पन्नास हजारांचे चाळीस कसे होतात?

समजा, साताऱ्याची एक मुलगी. पुण्यात शिकली आणि तिला हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. आकडा वर्षाला सहा लाख. घरी फोन झाला, शेजारीपाजारी कंदी पेढे गेले आणि आईने मनातल्या मनात बाराने भागून टाकलं: महिन्याला पन्नास हजार. महिनाअखेरीस बँकेचा मेसेज आला तो चाळीस हजारांचा. ‘अगं, मग वरचे दहा हजार गेले कुठं?’ या प्रश्नावर मुलगी एवढंच म्हणू शकली, ‘कटतं गं आई, सगळ्यांचंच कटतं.’

सगळ्यांचंच कटतं हे खरं. पण त्या दहा हजारांतले फक्त दोन हजार कटलेले असतात. उरलेले आठ हजार तिच्या पगारात कधी नव्हतेच.

ऑफर लेटरच्या मागच्या पानावर एक तक्ता असतो. सही करताना तो सहसा कुणी वाचत नाही. या मुलीच्या तक्त्यात मूळ वेतन महिना २५,००० रुपये, घरभाडे भत्ता १०,००० आणि ‘स्पेशल अलाउन्स’ ७,००० आहे. झाले ४२,०००. त्यातून तिच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड (पीएफ) १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा झाला की हातात ४०,०००. आता वर्षाचा हिशेब. ४२ हजारांप्रमाणे बारा महिन्यांचे होतात ५,०४,०००. सहा लाखांना ९६,००० कमी पडतात. ते भरून निघतात असे: कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी १४,४३०, आरोग्य विम्याचा हप्ता ११,९७० आणि ‘व्हेरिएबल पे’ ४८,०००.

या चार ओळी एका सुरात लिहिलेल्या असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. पीएफचे पैसे तिचेच आहेत, फक्त आज हातात येत नाहीत. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, कायद्याची आहे, पण ती मिळायला वर्षं भरावी लागतात. विमा हा कंपनीच्या मर्जीचा. आणि व्हेरिएबल पे म्हणजे आशा. कंपनीचा खर्च या अर्थाने सीटीसी (कॉस्ट टू कंपनी) हा आकडा खोटा नसतो. तो पगाराचा आकडा म्हणून ऐकवला जातो, तिथे घोळ होतो. यातलं काय हक्काचं आणि काय मर्जीचं, हे तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. हक्काचं मिळालं नाही तर कामगार आयुक्तांच्या किंवा पीएफच्या कार्यालयात जाऊन भांडता येतं. मर्जीचं थांबलं तर बहुतेक वेळा कँटीनमध्ये कुरकुर करण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

हक्काच्या गोष्टींत सगळ्यांना माहीत असलेली आणि तरीही कमी समजलेली म्हणजे पीएफ. १९५२ चा हा कायदा वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होतो. कामगाराचे बारा टक्के, मालकाचे बारा टक्के. मात्र ही सक्ती १५,००० रुपयांच्या वेतनापर्यंतच आहे, आणि ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून चालत आली आहे. १५ हजारांचे बारा टक्के म्हणजे १,८००. म्हणून मूळ वेतन पंचवीस हजार असो की साठ हजार, असंख्य पगारपत्रकांवर १,८०० हाच आकडा दिसतो. कायद्याने मागितलेलं दिलं, विषय संपला.

गंमत अशी की आपल्या साताऱ्याच्या मुलीला हा पीएफसुद्धा सक्तीचा नव्हता. पहिलीच नोकरी आणि वेतन १५ हजारांच्या वर असेल, तर सुरुवातीलाच तसं लिहून देऊन पीएफच्या बाहेर राहता येतं. एकदा सभासद झालं की मात्र पुढे पगार वाढला म्हणून बाहेर पडता येत नाही. बऱ्याच कंपन्या हा पर्याय विचारतच नाहीत, सरसकट सगळ्यांना आत घेतात. त्यात नुकसान काही नाही. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं, आणि एवढं सुरक्षित व्याज दुसरीकडे शोधायला गेलं तर बरीच पायपीट होईल.

चाकणच्या कारखान्यात १५ हजार मूळ वेतनावर काम करणाऱ्याचा हिशेब जरा वेगळा चालतो. त्याचे १,८०० सरळ त्याच्या पीएफ खात्यात जातात. मालकाच्या १,८०० चे मात्र दोन भाग होतात: १,२५० रुपये १९९५ च्या पेन्शन योजनेत आणि ५५० पीएफमध्ये. पासबुक उघडून ‘मालकाचा हिस्सा एवढा कमी कसा?’ म्हणून चिडणाऱ्यांनी हे १,२५० मोजलेले नसतात. दहा वर्षं सेवा झाली की त्यातून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, अर्थात त्यावर घर चालेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरलं.

याच पीएफच्या पोटात एक विमा दडलेला आहे. इंग्रजी आद्याक्षरांत त्याला ईडीएलआय म्हणतात. मालक वेतनाच्या अर्धा टक्का, म्हणजे १५ हजारांवर ७५ रुपये, दरमहा भरतो. कामगाराच्या खिशातून एक पैसा जात नाही. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर वारसाला यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. दुःखाच्या दिवसांत घरच्यांना हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी नॉमिनेशन भरलेलं नसतं. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं, लग्नानंतर बदलायचं राहून गेलेलं, हे तर घरोघरी. ऑनलाइन ई-नॉमिनेशनला आधार आणि एक फोटो लागतो, चहा गार होण्याआधी काम होतं.

पीएफनंतर येतो कामगार विमा. लोकांच्या तोंडी तो ईएसआय. १९४८ चा कायदा आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर व दिल्लीतून सुरुवात. कानपूरला पंडित नेहरू स्वतः उद्घाटनाला होते. महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना तो लागू होतो. वीस हजार पगार असलेल्या कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे दीडशे रुपये कापले जातात, मालक सव्वातीन टक्के म्हणजे साडेसहाशे भरतो. या आठशे रुपयांत कामगार, बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील अशा सगळ्यांच्या उपचारांची सोय येते. आजारपणाची रजा पडली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भरपाई मिळते. कामावर अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला वेतनाच्या नव्वद टक्के निवृत्तिवेतन. बाजारातला कुठलाही मेडिक्लेम बुडालेला पगार भरून देत नाही. ईएसआय देतो.

मग लोक नाकं का मुरडतात? दवाखान्यातली रांग, औषध ‘नाही, बाहेरून घ्या’ म्हणणारी खिडकी, मोठ्या रुग्णालयात जायचं तर पत्रासाठी हेलपाटे. या तक्रारी खऱ्या आहेत आणि कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पाच मिनिटं उभं राहिलं तर ऐकू येतात. पण खरी पंचाईत त्या २१,००० च्या रेषेवर होते. वेतनवाढ होऊन पगार २१,५०० झाला की चालू सहामाही संपताच वर्गणी बंद, आणि काही महिन्यांनी ईएसआयही बंद. पाचशे रुपये वाढले आणि अख्ख्या कुटुंबाचा दवाखाना गेला! अशा वेळी कंपनीने ग्रुप मेडिक्लेम दिला तर ठीक, नाही दिला तर कायदा तिला विचारत नाही. पगार वाढवू नका, अशी विनंती घेऊन साहेबाकडे जाणारा माणूस वेडा नसतो, त्याच्या घरी डायलिसिसवरचे वडील असू शकतात.

ग्रॅच्युइटीचा हिशेब १९७२ च्या कायद्यापासून एकाच सूत्राने चालत आला आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांना २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि आलेल्या आकड्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. शेवटचं वेतन २६,००० आणि नोकरी दहा वर्षांची असेल, तर दीड लाख. खासगी क्षेत्रात २०१८ पासून याला वीस लाखांची कमाल मर्यादा आहे. अट आहे पाच वर्षं सलग सेवेची; मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ती अट नाही. हा पैसा मालकाने द्यायचा असतो. तरीही सीटीसीच्या तक्त्यात तो मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणून मांडला जातो आणि कर्मचाऱ्याच्या ‘पॅकेज’मध्ये मोजला जातो. आपल्या मुलीने चार वर्षांनी दुसरी नोकरी धरली तर चार वेळा मोजलेले १४,४३०, म्हणजे ५७,७२० रुपये, कागदावरच राहतील. आयटीत पाच वर्षं एका खुर्चीवर बसणारे किती, हे एचआरलाही ठाऊक असतं.

कारखान्यांत याची दुसरी बाजू दिसते. तिथे ‘ब्रेक’ हा शब्द चहाच्या सुट्टीसाठी वापरत नाहीत. टेंपररी कामगाराला सात-आठ महिन्यांनी काही दिवस घरी बसवतात आणि नव्या कागदावर पुन्हा घेतात. सलग सेवेची वर्षं भरू द्यायचीच नाहीत, हा त्यामागचा हिशेब. केंद्र सरकारने २९ जुने कामगार कायदे चार संहितांत गोळा करून २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केले. त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षाच्या सेवेनंतरच प्रमाणशीर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. त्याच संहितांनी ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याही आवळली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. मूळ वेतन पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवून बाकी सगळं निरनिराळ्या नावांच्या भत्त्यांत वाटण्याची युक्ती इथे अडखळते, कारण ग्रॅच्युइटी वेतनावर मोजली जाते. पूर्वी ज्यांचं मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवलं होतं, त्यांची रक्कम यामुळे फुगेल.

बोनसची कथा तर मुंबईचीच आहे. पहिल्या महायुद्धात कापडगिरण्यांची भरभराट झाली आणि महागाईने कामगार पिचला, तेव्हा गिरणीमालकांनी १९१७ मध्ये दहा टक्के युद्धभत्ता दिला. पुढे त्यालाच बोनस म्हणू लागले. मालकांच्या लेखी ती खुशी होती, कामगारांच्या लेखी पगाराचा भाग. मंदी आली आणि मालकांनी बोनस थांबवला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या संपाने बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने निकाल दिला की कामगारांचा यावर कायदेशीर हक्क नाही. गिरणगावाने तो निकाल मनाने कधी मानला नाही. चार दशकांनी, १९६५ मध्ये, बोनसचा कायदा झाला. त्यातलं प्रमाण पुढे ठरलं ते असं: नफा असो वा नसो किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. वर्षाच्या वेतनाचे ८.३३ टक्के म्हणजे जवळजवळ एक महिन्याचा पगार. मात्र महिना २१,००० च्या वर वेतन असलेल्यांना हा कायदा लागू नाही. तेव्हा आयटीवाल्या मुलीला दिवाळीला सुकामेव्याचा डबा मिळाला, तर तो पूर्णपणे कंपनीचा चांगुलपणा समजावा.

बाळंतपणाच्या रजेचा मागही मुंबईतच निघतो. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, देशातला या विषयावरचा पहिला. आज पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. पण ईएसआयच्या कक्षेबाहेर हा सगळा पगार एकट्या मालकाच्या गल्ल्यातून जातो. याचा परिणाम मुलाखतीत दिसतो. ‘लग्नाचं काय प्लॅनिंग?’ हा प्रश्न मुलांना कुणी विचारत नाही. खर्च वाटून घेण्याचा बाबासाहेबांचा मुद्दा मानला गेला असता, तर हा प्रश्न विचारायची गरज बरीच कमी झाली असती. बापाच्या रजेबद्दल मात्र खासगी क्षेत्रासाठी कायदा गप्प आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात, बाकीच्यांचं कंपनीवर अवलंबून.

महाराष्ट्रातल्या दुकानं आणि कार्यालयांसाठी २०१७ चा राज्याचा कायदा आहे. वर्षाला आठ किरकोळ रजा, सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या (त्यांत १ मे आलाच), आणि दर वीस दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा. साठवून ठेवायची मर्यादा ४५ दिवस. आठवड्याच्या सुट्टीला मात्र आपल्याकडे कुणी लाभ समजतच नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून, सभा भरवून ती मालकांकडून १० जून १८९० रोजी मिळवली. कायद्यात ती आली पुढच्या वर्षी.

हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: आधी कुणीतरी खुशीने किंवा दबावाने देतं आणि कायदा मागून येतो. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्येच पेन्शन फंड काढला होता. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये, पीएफ १९२० मध्ये आणि ग्रॅच्युइटी १९३७ मध्ये सुरू झाली. पीएफचा कायदा यायला त्यानंतर बत्तीस वर्षं लागली, ग्रॅच्युइटीचा यायला पस्तीस.

मग आजच्या मर्जीच्या गोष्टी कोणत्या? ग्रुप मेडिक्लेम, टर्म इन्शुरन्स, कंपनीची बस, जेवणाची कुपनं, घरून काम, राष्ट्रीय पेन्शन योजनेतला (एनपीएस) मालकाचा हिस्सा, मुलांच्या फीला हातभार. यांतल्या काही सरसकट मर्जीच्या नसतात. कँटीन छोट्या ऑफिसात चैन आहे. मोठ्या कारखान्यात कामगारांची संख्या ठरावीक आकड्यापुढे गेली की ते सक्तीचं होतं. युनियनने वेतनवाढ करारात मेडिक्लेम लिहून घेतला असेल, तर कराराची मुदत संपेपर्यंत तो हक्कच असतो. आणि वर्षानुवर्षं दिली गेलेली सवलत ‘आमची मर्जी’ म्हणून एका सकाळी बंद करता येत नाही. रूढ सवलत काढून घेणं हा सेवाशर्तींतला बदल आहे आणि त्यासाठी कामगारांना आधी नोटीस द्यावी लागते, ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती. कंपन्या दिवाळीची भेट दरवर्षी बदलत राहतात, त्यामागे कधीकधी एवढंच साधं कारण असतं.

मर्जीच्या यादीत सर्वांत जपून पाहावा असा मेडिक्लेम. नोकरी गेली त्या दिवशी तो संपतो, आणि नोकरी जाण्याचे दिवस आणि रक्तदाब वाढण्याचे दिवस पुष्कळदा एकच असतात. चाळिशीत पहिल्यांदा स्वतःची पॉलिसी काढायला गेलेल्या माणसाला साखर निघते आणि विमा कंपनी प्रतीक्षाकाळ सांगते. ग्रुप मेडिक्लेम देणाऱ्या विमा कंपनीच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती राजीनामा देण्याआधी विचारायची असते.

साताऱ्याच्या मुलीला सही करण्यापूर्वी एचआरला तीन गोष्टी विचारता आल्या असत्या. मेडिक्लेममध्ये आईवडील येतात का आणि त्यांचा हप्ता कोण भरतं? पीएफ १५ हजारांवर धरणार की पूर्ण मूळ वेतनावर? आणि व्हेरिएबलचे ४८ हजार गेल्या वर्षी या टीमला किती टक्के मिळाले? तिसऱ्या प्रश्नावर समोरची व्यक्ती क्षणभर थांबली, तर ते ४८ हजार घराच्या बजेटात धरायचे नाहीत, एवढं नक्की कळतं.

दरमहा जाणारे ते २०० रुपये तेवढे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. व्यवसाय कर हा लाभ नव्हे. महाराष्ट्रात तो १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला लावला गेला. फेब्रुवारीत तो ३०० होतो, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे होतात.

आणि जूनच्या पगाराला खात्यात चाळीस हजारांऐवजी ३९,९७५ आले, तर घाबरायचं कारण नाही. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापले जातात, मालक ७५ भरतो. त्यावर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ चालतं: मुलांना शिष्यवृत्त्या, वाचनालयं, शिवणवर्ग आणि दरवर्षी गाजणाऱ्या नाट्यस्पर्धा. हिंजवडीतल्या कुणी तिथे नाटक बसवलं, तर तालमीच्या खर्चात त्या पंचवीस रुपयांचाही वाटा असेल.